शेजारच्या प्लॉटवर व्यापारी संकुल येतंय: हरकत कधी, कुठे आणि कशी नोंदवायची

रिकाम्या प्लॉटला पत्रे ठोकले जातात, आठवड्याभरात पोकलेन येतो आणि मग सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटतो. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर हॉटेल, वर ऑफिसं होणार, अशी खबर कुठूनतरी लागलेली असते. रविवारी मीटिंग होते, सह्या गोळा होतात, आयुक्तांच्या नावानं पत्र जातं. दोन महिन्यांनी महापालिकेचं उत्तर येतं: सदर बांधकामास प्रचलित नियमानुसार परवानगी देण्यात आलेली आहे. विषय संपला.

रहिवाशांचं म्हणणं चूक असतंच असं नाही. ते भलत्या वेळी, भलत्या टेबलावर गेलेलं असतं. महाराष्ट्रात कुठल्या जमिनीवर काय उभं राहू शकतं हे ठरतं विकास योजनेत, म्हणजे सगळे ज्याला डीपी म्हणतात त्यात. ही योजना होताना किंवा बदलताना लोकांना विचारणं १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानं बंधनकारक आहे. पण योजनेत बसणाऱ्या इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्यांना विचारा, असं तो कायदा कुठेही म्हणत नाही. बहुतेकांची शक्ती नेमकी या दुसऱ्या ठिकाणी खर्च होते.

ज्यांचा महापालिकेशी संबंध मिळकतकर भरण्यापलीकडे आलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नियम मुख्यतः महाराष्ट्रातल्या शहरांचे. गावं आणि गोवा यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

पहिली पायरी: जमिनीचा नंबर

"बसस्टॉपच्या मागचा प्लॉट" असं लिहून कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही. सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लागतो. गावठाणात आणि जुन्या शहरात सिटी सर्व्हे नंबर असतो आणि त्याची माहिती मालमत्ता पत्रकावर मिळते. बाकीकडे सातबारा. दोन्ही महाभूलेख या सरकारी जमीन-अभिलेखांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. नंबर ठाऊक नसेल तर आपल्याच सोसायटीच्या खरेदीखतातल्या चतुःसीमा वाचा. पूर्वेला सर्व्हे नंबर अमुक, पश्चिमेला तमुक असं तिथे लिहिलेलं असतं, आणि शेजारचा प्लॉट त्यातलाच एक असतो.

नंबर हातात आला की महापालिकेच्या नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागातून त्या जागेचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. मुंबईत यालाच डीपी रिमार्क म्हणतात. फी किरकोळ असते आणि त्यासाठी जमीन आपल्या मालकीची असावी लागत नाही. या कागदांवर तीन गोष्टी पाहायच्या: जागा कुठल्या विभागात आहे, तिच्यावर शाळा, बाग, दवाखाना असं काही आरक्षण आहे का, आणि समोरचा रस्ता योजनेत किती मीटरचा दाखवलाय.

तिसऱ्या गोष्टीकडे सहसा कुणी बघत नाही, आणि सगळी गोम तिथेच असते.

रस्त्याची रुंदी का पाहायची

यलो झोन म्हणजे फक्त राहती घरं, असा समज घट्ट बसलेला आहे. तो खरा नाही. मुंबई आणि आणखी काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली चालते, तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईला २०१८ पासून स्वतःची वेगळी आहे. यूडीसीपीआरच्या चौथ्या प्रकरणात रहिवास विभागाचे दोन भाग केलेत, आर-१ आणि आर-२. अरुंद रस्त्यावरचे प्लॉट आर-१ मध्ये येतात. तिथे घरांसोबत डॉक्टरचा दवाखाना, वकिलाचं ऑफिस, शिकवणी, रोजच्या गरजेचं लहान दुकान इतपत चालतं. रस्ता ठरावीक रुंदीचा झाला की प्लॉट आर-२ मध्ये जातो आणि दुकानं, ऑफिसं, हॉटेलं यांची यादी लांबत जाते. ही रुंदी कुठे ९ मीटर तर कुठे १२ मीटर. शहराच्या वर्गानुसार आणि दाट वस्तीच्या भागानुसार ती बदलते, म्हणून तुमच्या गावाचा आकडा नियमावलीत स्वतः पाहा.

म्हणजे तुमच्या गल्लीत झोन न बदलता, नुसता रस्ता रुंद दाखवून व्यापारी वापराचं दार उघडू शकतं. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटर रुंदीचे ३२३ रस्ते एकदम ९ मीटर करायचा प्रस्ताव आला होता. तो विकास योजनेच्या कलमाखाली नव्हता, महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली होता. चर्चा सगळी पुनर्विकास आणि टीडीआरची (दुसऱ्या जागेवरून आणून वापरायच्या बांधकाम हक्काची) झाली, पण ज्यांच्या दारातला रस्ता त्या यादीत होता त्यांच्यासाठी प्रश्न खाली उघडणाऱ्या दुकानांचाही होता. कलम २१० खालच्या रस्तारुंदीसाठीही जाहीर सूचना निघते, हरकती मागवल्या जातात आणि विषय स्थायी समितीपुढे जातो. ही सूचना रहिवासी वाचत नाहीत, कारण तिच्यात "व्यापारी" हा शब्दच नसतो.

दुसरी पायरी: आपलं प्रकरण कुठल्या जातीचं?

तीन शक्यता आहेत.

पहिली, जागेचा वापरच बदलायचा प्रस्ताव आहे. बागेचं आरक्षण उठवून रहिवास, शेती विभागातून रहिवास, रहिवासातून वाणिज्य, असं काहीतरी. इथे तुम्हाला हरकत नोंदवण्याचा आणि सुनावणीचा कायदेशीर हक्क आहे. खालच्या चार पायऱ्या मुख्यतः याच प्रकारासाठी आहेत.

दुसरी, वापर आधीपासून चालतो आणि बिल्डरनं रीतसर परवानगी काढलीय. इथे "आम्हाला नको" म्हणून काही थांबत नाही. परवानगी आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत तफावत शोधावी लागते.

तिसरी, परवानगी घराची आणि वापर धंद्याचा. मंजूर नकाशात पार्किंग आहे आणि तिथे किराणा गोडाऊन चाललंय, बंगल्याचं रातोरात लॉन्स झालंय. ही सरळ तक्रारीची बाब आहे.

कुठला प्रकार हे ओळखायला साइटवरचा फलक बघा. बांधकाम परवानगीचा क्रमांक, तारीख आणि वापर त्यावर लिहिणं नियमावलीनुसार आवश्यक आहे. फलकच नसेल तर तो नसल्याचा फोटो काढून ठेवा. गाळे विक्रीसाठी असतील आणि प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा व गाळे आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदणी लागते. तिथे प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी) आणि मंजूर नकाशे घरबसल्या उघडता येतात. भाड्यानं द्यायची इमारत असेल तर महारेरात काही सापडणार नाही, मग माहिती अधिकार.

माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत, असा नियम आहे. त्यामुळे "परवानगी का दिली" असले वाद घालू नका. मागायचं ते असं: सर्व्हे नंबर अमुक येथील बांधकाम परवानगी, मंजूर नकाशे, अग्निशामक विभागाचा ना हरकत दाखला यांच्या प्रती, आणि मूळ फाइलची पाहणी. पाहणी हा शब्द विसरू नका. फाइल समोर उघडली की टिपणीच्या पानांवर कुणी काय शेरा मारलाय ते दिसतं, आणि कधी कधी एका पानावरचा कनिष्ठ अभियंत्याचा शेराच तुमची हरकत लिहून देतो. महिनाभर थांबायचं नसेल तर आणखी एक वाट आहे. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. तुमच्या महापालिकेत ही सोय कागदावरच असेल तर तो शासननिर्णय छापून सोबत न्या.

तिसरी पायरी: सूचना निघण्याच्याही आधी

वापरबदलाचा विषय एकदम वर्तमानपत्रात येत नाही. आधी तो महापालिकेत फिरतो. पुण्यात शहर सुधारणा समिती आणि मग मुख्य सभा, मुंबईत सुधार समिती आणि मग महापालिका सभागृह, इतरत्र महासभा. या प्रवासाला काही आठवडे लागतात, आणि विषय अजून मऊ असताना त्यावर बोलायची हीच वेळ.

त्यासाठी कार्यपत्रिका वाचायची सवय लावून घ्या. महापालिकेच्या संकेतस्थळावर ती येते, नाहीतर नगरसचिव कार्यालयात मिळते. भाषा अशी असते: "मौजे अमुक, स. नं. तमुक येथील आरक्षण क्र. इतका बाबत कलम ३७ अन्वये कार्यवाही करणेस मान्यता." कलम ३७ म्हणजे १९६६ च्या कायद्यातलं, मंजूर विकास योजनेत फेरबदल करायचं कलम. सर्व्हे नंबर पाठ असेल तरच यात तुमचं घर सापडेल. आणखी सावध राहायचं ते "ऐनवेळचे विषय" या मथळ्याबद्दल. छापील पत्रिकेत नसलेला विषय सभेच्या दिवशी दाखल होतो आणि टीकाटिप्पणीविना मंजूर होतो, असं अनेक सभागृहांत घडत आलंय. यावर उपाय एकच, सभागृहात आपला माणूस असणं.

तो माणूस म्हणजे नगरसेवक. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांत प्रशासक होते, सभागृहाचे सगळे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या, त्यामुळे आता पुन्हा दार ठोठवायला माणसं आहेत. प्रभागात सहसा चार नगरसेवक असतात, आणि पक्ष वेगवेगळे असतील तर चौघांनाही भेटा. भेटताना "विरोध करा" एवढंच म्हणू नका. विषय तहकूब करावा, प्रशासनाचा अभिप्राय मागवावा, किंवा अमुक उपसूचना द्यावी, असं लेखी हातात द्या. सभागृहाची भाषा ही आहे. विषय नामंजूर करण्यापेक्षा तो दप्तरी दाखल करणं, म्हणजे निर्णय न घेता फाइल बंद करणं, सगळ्याच पक्षांना सोयीचं जातं, कुणाचं नाक कापलं जात नाही.

एकदा ठराव झाल्यावरही एक खिडकी उरते. ठराव कायद्याविरुद्ध असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार तो विखंडित, म्हणजे रद्द करू शकतं. वारंवार होत नाही, पण होतं.

चौथी पायरी: सूचना वाचणं

कलम ३७ खालची सूचना राजपत्रात, स्थानिक वर्तमानपत्रांत आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर येते. टेंडरच्या जाहिरातींमध्ये, बारीक टायपात. हरकतींना एक महिन्याची मुदत असते. ती कुठल्या तारखेपासून मोजायची हे सूचनेतच लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा राजपत्रातली तारीख धरतात. तुम्ही पेपरात वाचलं तो दिवस तिथे कामाचा नसतो. सगळ्या शहराची नवी विकास योजना येते तेव्हा कलम २६ खाली सूचना निघते. तिची मुदत सूचनेत पाहा, आणि मुदतवाढ मिळेलच असं धरून चालू नका.

सूचनेत हरकत कुणाच्या नावानं आणि कुठल्या पत्त्यावर द्यायची हे नीट वाचा. फेरबदल महापालिकेनं सुचवलेला असेल तर आयुक्त. पण राज्य सरकारनं स्वतः कलम ३७ च्या पोटकलम १कक खाली सुचवला असेल तर हरकती नगररचना विभागाच्या सहसंचालकांसारख्या सरकारी अधिकाऱ्याकडे जातात. महापालिकेत दिलेलं पत्र तिथपर्यंत पोचेल या भरवशावर राहू नका.

हरकतींनी काय होतं, असं विचारणारे पुष्कळ भेटतील. मुंबईची प्रारूप विकास योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाली. उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा इमारतींच्या नोंदी गायब, अशा चुकांचा लोकांनी इतका गदारोळ केला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडाच रद्द करून दुरुस्त करायला लावला. दुरुस्त आराखडा २०१६ मध्ये पुन्हा हरकतींसाठी आला आणि २०१८ मध्ये लागू झाला.

पाचवी पायरी: हरकत लिहिणं

सुनावणी घेणारा अधिकारी नगररचनेच्या कसोटीवर बसणारं तेवढंच उचलतो. परिसराची शांतता भंग पावेल, संस्कृतीला धक्का बसेल, फ्लॅटची किंमत पडेल, यातलं काही त्याच्या अहवालात टिकत नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकांची जात, धर्म, खाणंपिणं यांवर तर एक अक्षरही नको. ते गैर आहेच, शिवाय एवढ्या एका वाक्यामुळे तुमची उरलेली दहा पानं बाजूला पडतात.

टिकतं ते मोजता येणारं. रस्ता योजनेत १२ मीटरचा दाखवलाय, प्रत्यक्षात किती? टेप घेऊन तीन ठिकाणी मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा. संध्याकाळी सात ते आठ या तासात किती गाड्या जातात आणि किती रस्त्यावर उभ्या असतात, हे सलग काही दिवस कुणीतरी गॅलरीत बसून लिहा. निवृत्त काकाकाकूंइतकं हे काम चोख कुणी करत नाही. पाणी दिवसाआड येत असेल तर त्या वेळापत्रकाची प्रत जोडा. अग्निशामक बंब वळेल का, हे वळणाची रुंदी मोजून लिहा. आवाजाचा मुद्दा तर कायद्यातच तयार मिळतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी क्षेत्राला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी क्षेत्राला ६५ आणि ५५. झोन बदलला की तुमच्या खिडकीसमोरच्या प्लॉटला रात्री दहा डेसिबल जास्त आवाजाची मुभा मिळण्याचा रस्ता मोकळा होतो, हे तुमच्या हरकतीत आकड्यांसकट आलं पाहिजे. आरक्षण उठवलं जात असेल तर त्या आरक्षणाची गरज अजून आहे, हे दाखवा. जवळची पालिका शाळा किती लांब, बाग किती लांब.

मसुदा साधारण असा असू द्या:

"विषय: मौजे ____, सर्व्हे नंबर ____ येथील प्रस्तावित फेरबदलास हरकत. संदर्भ: कलम ३७(१) खालील सूचना, दिनांक ____.

मी सदर जागेपासून सुमारे ४० मीटर अंतरावर ____ येथे राहते व प्रस्तावित फेरबदलामुळे बाधित होते. जागेचा पोहोच रस्ता विकास योजनेत १२ मीटर असून प्रत्यक्ष मोजणीत तीन ठिकाणी तो ८ मीटरपेक्षा कमी आढळला (फोटो जोडले आहेत). रस्त्यावर दोन्ही बाजूंस वाहने उभी राहतात (नोंदी जोडल्या आहेत). सबब फेरबदल नामंजूर करावा. पर्यायाने, फेरबदल मंजूर करावयाचा झाल्यास पुढील अटी घालाव्यात: वाहनांचे प्रवेशद्वार फक्त मुख्य रस्त्यावरून असावे, रहिवासी इमारतींच्या बाजूस स्वयंपाकघराची चिमणी व जनरेटर नसावा, पार्किंग नियमाप्रमाणे आवारातच असावे. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी."

त्यातला "पर्यायाने" हा भाग गाळू नका. अटी सुचवल्या म्हणजे माघार घेतली, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं. माझं मत उलटं आहे. संपूर्ण नकार द्यायला अधिकाऱ्याला धैर्य लागतं, अट घालायला एक ओळ लागते. प्रवेशद्वार गल्लीतून मुख्य रस्त्यावर गेलं तरी तुमच्या रोजच्या त्रासातला मोठा वाटा कमी होतो.

एकाच पत्रावर दोनशे सह्या घेऊ नका. ते एकच हरकत म्हणून नोंदलं जाण्याचा धोका असतो आणि सुनावणीचं बोलावणं पहिल्या सहीवाल्यालाच येतं. घरटी वेगळं पत्र द्या, प्रत्येकात स्वतःचा एखादा मुद्दा असू द्या. शब्दशः झेरॉक्स असलेली पत्रं एका गठ्ठ्यात बांधली जातात आणि त्यांना एकच उत्तर मिळतं. सोसायटीचं पत्र वेगळं, सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत जोडून.

पत्र आवक-जावक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, आवक क्रमांक, तारीख. शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारून घ्या. खिडकीतला माणूस वैतागेल, वैतागू द्या. ईमेल पाठवला असेल तरी कागदी प्रत द्याच.

सहावी पायरी: सुनावणी

सुनावणीचं पत्र कधी आठ दिवस आधी येतं, कधी दोन. नव्या विकास योजनेच्या हरकती नियोजन समिती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारी बाजूनं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. कलम ३७ च्या प्रकरणात बहुधा एखादा अधिकारीच ऐकतो.

खोलीबाहेर बाकावर तास-दोन तास जातात आणि आत तुम्हाला मिळतात मोजकी मिनिटं. आत शिरल्यावर आवक क्रमांक आणि सर्व्हे नंबर सांगा, म्हणजे कारकून गठ्ठ्यातून तुमचं पत्र वर काढेल. मग सगळ्यात भक्कम मुद्दा आधी. भाग नकाशावर आपली इमारत पेनानं गोल करून नेलीत तर समजावण्यातला वेळ वाचतो. बोलून झाल्यावर एक पानी लेखी म्हणणं तिथेच द्या आणि त्याचीही पोच घ्या, कारण तोंडी बोललेलं अहवालात एका वाक्यात आटतं. समोर जमीनमालकाचा आर्किटेक्ट असू शकतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याचा दावा लिहून घ्या आणि दोन दिवसांत पूरक पत्रानं उत्तर द्या.

दहा घरांतले दहा जण येणार असतील तर मुद्दे वाटून घ्या. एक रस्ता बोलेल, एक पाणी, एक आग. दहाही जण ट्रॅफिकवर बोलले की चौथ्यानंतर ऐकणाऱ्याचं लक्ष चहाकडे जातं.

त्यानंतर फाइल कुठे जाते

अहवाल पुन्हा सभागृहापुढे येतो आणि तिथून मंत्रालयात नगर विकास विभागाकडे. अंतिम मंजुरी राज्य सरकारची असते, नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन. फाइल इथे महिनोन् महिने पडून राहते आणि याच काळात लोक गाफील होतात. दर काही महिन्यांनी माहिती अधिकारात फाइलची सद्यःस्थिती विचारत राहा. मंत्रालयातही लेखी म्हणणं देता येतं, महापालिकेच्या अहवालात तुमचा कुठला मुद्दा अनुत्तरित राहिला ते दाखवून. नव्या विकास योजनेत सरकारनं मोठा बदल सुचवला तर तेवढ्या भागासाठी पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. नगररचनेतले लोक याला ईपी म्हणतात, म्हणजे एक्सक्लूडेड पार्ट, मंजुरीतून वगळलेला भाग. आपला भाग त्या यादीत आला का, हे मंजुरीच्या अधिसूचनेसोबतच्या परिशिष्टात पाहा.

परवानगी आधीच मिळाली असेल तर

मंजूर नकाशा मिळवा आणि साइटशी ताडून बघा. सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंगची जागा, तळघराचा वापर, मजले. तफावत असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याची कलमं ५२ ते ५४ लागू होतात: दंड, बांधकाम काढण्याची नोटीस, काम थांबवण्याचा आदेश. अर्जदारानं खोटी माहिती देऊन परवानगी मिळवली असेल, उदाहरणार्थ रस्ता जास्त रुंद दाखवला असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्त ती रद्द करू शकतात. तक्रारीवर हालचाल नसेल तर लोकशाही दिन आहे. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो आणि विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर खात्याला तोंड उघडावं लागतं, हा त्याचा खरा उपयोग.

इमारत रोखता आली नाही तरी आतल्या धंद्याला वेगळे परवाने लागतात. अग्निशामक, अन्नपदार्थ, दारू. दारूच्या दुकानाबाबत महाराष्ट्रात उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान लोकांच्या ओळखीचं आहे. शिवाय सोसायटीच्या गाळ्यात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायला सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल, असं सरकारनं मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात जाहीर केलं. सोसायटीनं सर्वसाधारण सभेत आधीच ठराव करून ठेवावा. अर्ज आल्यावर घाईघाईत सभा बोलावली की दोन तट पडतात.

गावात आणि गोव्यात

शहराच्या वेशीवरच्या गावात ग्रामपंचायतीला झोन ठरवायचा अधिकार नसतो. पुण्याभोवती पीएमआरडीए, इतरत्र जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय बघतं. तरी ग्रामसभेचा ठराव करून घ्या आणि इतिवृत्ताची नक्कल जपून ठेवा. हरकतीला तो जोडला की वजन येतं.

गोव्यात कायदा वेगळा, १९७४ चा. तिथे २०११ सालापर्यंतचं नियोजन करणारा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला होता. अलीकडे सुट्या सुट्या प्लॉटचा झोन बदलण्याच्या तरतुदी आल्या. कलम १७(२) खालचे नियम मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केले. २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९अ खाली लोकांना आपलं म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात आणि यादी सर्व्हे नंबरनिहाय राजपत्रात येते. गावातल्या दोघाचौघांनी राजपत्र वाचायची पाळी लावून घेतली तरच ती वेळेत सापडते.

कोर्टात जायचं का?

सगळं करून फेरबदल मंजूर झाला आणि प्रक्रियेत खोट असेल, जसं सूचना नीट प्रसिद्ध झाली नाही, मागूनही सुनावणी दिली नाही, हरकतींचा विचारच केला नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. निर्णय आवडला नाही एवढ्यावर सहसा काही मिळत नाही. उशीर केलात, तोवर चार मजले चढले, तर न्यायालय आधी तुम्हालाच विचारेल की इतके दिवस कुठे होतात. वकिलाकडे पहिल्यांदा जाताना सगळे कागद तारखेच्या क्रमानं लावून न्या: झोन दाखला, सूचनेचं कात्रण, हरकतीची पोच, सुनावणीचं पत्र, लेखी म्हणणं, ठराव, अधिसूचना. यातली पोच नसेल तर बहुतेक वकील फी सांगायच्या आधीच ती शोधायला तुम्हाला परत पाठवतात.